पाम हे नाव नव्हे

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभ्या राहिलेल्या एखाद्या गृहसंकुलात जा. फाटकापासून लॉबीपर्यंत दुतर्फा एक उंच, सरळसोट झाड रांगेनं उभं दिसेल. वॉचमनला विचारा, माळ्याला विचारा, सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, हे झाड कुठलं म्हणून. उत्तर एकच येतं: "पाम आहे." त्या रांगेत एखादा तरी पाम असा असतो, की ज्याचा शेंडा आक्रसलाय, झावळ्या पिवळ्या पडल्यात, डोकं वर्षागणिक लहान होत चाललंय. मग उपचार सुरू होतात. आधी पाणी वाढवतात. मग युरिया टाकतात. मग पिवळ्या झावळ्या छाटून झाड 'स्वच्छ' करतात. शेवटी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून काहीतरी फवारून घेतात. झाड मरतं. "आपल्या हवेत पाम टिकत नाहीत" असा निकाल लागतो आणि नर्सरीतून नवा पाम येतो. तोही त्याच खड्ड्यात, त्याच पद्धतीनं लावला जातो.

ही झाडं हवेनं मरत नाहीत. बहुतेक वेळा ती लावणाऱ्यांच्या आणि उपचार करणाऱ्यांच्या अज्ञानानं मरतात. हे अज्ञान आपल्याला विशेष लाजिरवाणं आहे, कारण माड, पोफळ, ताड, शिंदी आणि भेरली माड ज्यांच्या परिसरात पिढ्यानपिढ्या आहेत, त्या लोकांचं ते अज्ञान आहे. उंची सांगताना सहज 'ताडमाड' म्हणणाऱ्या भाषेत आता या सगळ्या कुळाला मिळून एकच शब्द उरलाय, आणि तोही उसना.

'पाम' हे झाडाचं नाव नाही, कुळाचं आहे. या कुळात जगभरात सुमारे 2,500 जाती आहेत. शेतकऱ्यानं कृषी अधिकाऱ्याला "साहेब, गवत आजारी आहे" असं सांगितलं, तर साहेब आधी विचारतील, ज्वारी की ऊस? पामच्या बाबतीत हा प्रश्न कुणीच विचारत नाही.

तो विचारला नाही तर काय होतं, याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याच सह्याद्रीतलं आहे. भेरली माड, म्हणजे सुरमाड. माशाच्या शेपटीसारखी पानं असलेला, म्हणून नर्सरीवाले त्याला 'फिशटेल' म्हणून विकतात. हे झाड अनेक वर्षं फक्त वाढतं. मग एके वर्षी शेंड्याजवळून लांबलचक वेण्यांसारखी फुलांची पोय लोंबू लागते. पुढची काही वर्षं फुलोरा वरून खाली, खोडाच्या एकेका पेरातून उतरत येतो. तो तळाकडे पोचला की झाडाचं आयुष्य संपतं. ही त्याची रीत आहे, रोग नव्हे. पण 'पाम सुकतोय' एवढंच ठाऊक असलेला माणूस त्याला खत घालतो, औषध टोचतो, पैसे घालवतो. उलट बाजूची चूकही तितकीच होते. भेरली माड असाच मरतो हे कुणाकडून तरी ऐकलेलं असतं, आणि मग उपचारानं वाचू शकणारा रॉयल पाम 'त्याचं आयुष्य संपलं' म्हणून सोडून दिला जातो.

नावांचा गोंधळ इथेच थांबत नाही. ज्याला शहरात सर्रास 'बॉटल पाम' म्हणतात, तो बहुतेक वेळा क्यूबाचा रॉयल पाम असतो. त्याचं खोड मध्यावर किंचित फुगीर असतं आणि तो चार-पाच मजल्यांपर्यंत जातो. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या चिमुकल्या बेटावरचा. बुटका आणि तळाशी फुगलेला. खरा बॉटल पाम समजून विजेच्या तारांखाली रॉयल पाम लावला, की दहा-पंधरा वर्षांनी त्याचं मुंडकं उडवायची पाळी येते. 'एरिका पाम' म्हणून विकला जाणारा झुपकेदार पाम मादागास्करचा. त्याचे देठ मुळातच पिवळे असतात, तरी 'पिवळा पडतोय' म्हणून त्यालाही औषध पाजणारे आहेत. कोल्ह्याच्या शेपटीसारख्या भरघोस पानांचा 'फॉक्सटेल' ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या केप मेलव्हिलचा. शास्त्रीय नोंदीत तो 1983 साली आला आणि आज आपल्या हायवेच्या दुभाजकांवरही दिसतो.

ओळख पटवायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही, दहा मिनिटं लागतात. पान पिसासारखं आहे की पंख्यासारखं? झावळ्यांखाली गुळगुळीत हिरवी नळी आहे का? रॉयल, फॉक्सटेल आणि पोफळीला ती असते. माडाला आणि शिंदीला नसते. पानाच्या देठाकडच्या पात्यांचे काटे झालेत का? झाले असतील तर शिंदी किंवा खजुराची भावंडं. पाती एकाच पातळीत आहेत की चहूबाजूंनी फुटलेली? खोड एकटं आहे की झुपका? एवढ्या प्रश्नांनी शहरात दिसणारे बहुतेक पाम वेगळे करता येतात. हे काम एकदा करून झाडावर नावाची पाटी लावली (खिळा न ठोकता, दोरीनं), तर पुढच्या दहा कमिट्यांचे श्रम वाचतील.

खिळा न ठोकता असं मुद्दाम म्हटलं. पाम हे आंब्या-चिंचेसारखं झाड नाही. ते नात्यानं बांबू आणि गवताच्या जवळचं आहे. आंब्याच्या सालीखाली वाढीचा एक जिवंत थर असतो. त्यामुळे खोड दरवर्षी जाड होतं आणि जखम कडेनं भरत येते. पामला तो थर नसतो. त्याची जखम भरत नाही. आज ठोकलेल्या खिळ्याचं भोक झाड मरेपर्यंत राहतं. दिवाळीत, लग्नात, नव्या वर्षाला खोडाभोवती दिव्यांच्या माळा गुंडाळून त्या खिळ्यांनी पक्क्या करणारी सोसायटी दरवर्षी झाडाला कायमच्या जखमा करत असते. शिवाय फांद्यांची झाडं एक डिरी गेली तर दुसरी काढतात. एकखोडी पामला वाढीचा कोंब एकच असतो, अगदी डोक्यात. तो गेला की झाड गेलं, मग खाली खोड कितीही हिरवं दिसो.

पामचं खोड एकदा बनलं की पुढे जवळजवळ जाड होत नाही. म्हणून ते रोजनिशीसारखं वाचता येतं. मध्येच बारीक झालेला पट्टा म्हणजे त्या काळात झाडाचे हाल झाले होते. वरवर निमुळतं होत जाणारं टोक म्हणजे हाल अजून चालू आहेत. ही रोजनिशी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडी आहे. ती वाचायची तसदी कुणी घेत नाही.

हाल कुठून सुरू होतात? बहुधा लावण्याच्या दिवशीच. ठेकेदाराला सगळी झाडं एका उंचीची दाखवायची असतात. नर्सरीतून आलेली झाडं लहानमोठी असतात. मग उंच झाडं खोल पुरतात, बुटकी वर ठेवतात, आणि उद्घाटनाच्या फोटोत रांग झकास दिसते. पामची मुळं बुंध्याच्या तळाशी एका ठरावीक पट्ट्यातून फुटतात. तो पट्टा दोन फूट मातीखाली गेला की मुळांना हवा मिळत नाही, नवी मुळं नीट काम करत नाहीत, आणि दोन-तीन वर्षांनी झाड कुपोषणानं झिजायला लागतं. तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, ते इथं शब्दशः खरं आहे. ती माती तरी कसली? बांधकामाचा राडारोडा, त्यावर दोन बोटं लाल माती, वर लॉन. सिमेंट-चुन्याच्या त्या भरावात लोह आणि मँगनीज असले तरी मुळांना मिळत नाहीत. त्यावर बुंध्याला भिडेपर्यंत पेव्हर ब्लॉक. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. एक मीटर ही काही मोठी मागणी नाही, पण तेवढीही जागा सोडायला आपल्या जिवावर येतं.

दुसरा घाव छाटणीचा. ज्या झावळ्या झाडाला जगवतात त्याच 'घाण' दिसतात म्हणून कापायच्या, ही पद्धत कुठून आली कोण जाणे. पूर्ण वाढलेल्या निरोगी माडाच्या डोक्यावर तीसेक झावळ्या असतात आणि महिन्याला साधारण एक नवी येते. कोकणातला बागायतदार हिरवी झावळी तोडू देत नाही, कारण प्रत्येक झावळीमागे नारळ आहेत हे त्याला ठाऊक असतं. शहरात मात्र पावसाळ्याआधी रांगेतल्या प्रत्येक पामचं मुंडण होतं आणि वर चार उभी पानं शेंडीसारखी उरतात. रॉयल आणि फॉक्सटेल तर आपली जुनी पानं आपणच गाळतात. त्यांना न्हावी लागतच नाही. नियम सोपा आहे: घड्याळाचे नऊ आणि तीनचे काटे जोडणारी आडवी रेषा मनात धरा, तिच्या वरच्या एकाही झावळीला हात लावू नका. खालची पूर्ण वाळलेली असेल तरच काढा.

पिवळी झावळी काढू नये, यामागे शास्त्र आहे. जमिनीत पोटॅश कमी पडलं की पाम जुन्या पानांतलं पोटॅश काढून नव्या पानांना देतो. म्हणून जुन्या पानांवर आधी पिवळे-नारिंगी ठिपके येतात, टोकं करपतात. ती पानं झाडाची शिल्लक आहेत. ती कापली की झाड त्यांच्या वरच्या पानांतून उचल करतं, आणि पिवळेपणा एकेक पायरी वर चढत जातो. माळ्याला वाटतं रोग पसरतोय. तो आणखी कापतो. पसरवत तोच असतो.

म्हणून खताच्या दुकानात जाण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: बिघाड जुन्या पानांत आहे की नव्या? जुन्या पानांवर ठिपके आणि करपलेली टोकं असतील तर पोटॅश. जुन्या पानांच्या कडेला रुंद पिवळी पट्टी आणि मधला भाग हिरवा असेल तर मॅग्नेशियम. नवं पान लहान, कुरतडल्यासारखं, जळाल्यासारखं येत असेल तर मँगनीज. आणि राडारोड्याच्या भरावात हेच वारंवार दिसतं. मॅग्नेशियम आणि मँगनीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावं सारखी वाटतात म्हणून दुकानदार एकाऐवजी दुसरं देतो, आणि मँगनीजच्या कमतरतेनं कोंब मरत असलेल्या झाडाला मॅग्नेशियम सल्फेट घातलं जातं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

युरियाचं तर विचारूच नका. कासरगोडच्या केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेची मोठ्या माडासाठीची जुनी, सर्वज्ञात शिफारस आहे: वर्षाला 500 ग्रॅम नत्र, 320 ग्रॅम स्फुरद आणि 1,200 ग्रॅम पालाश. म्हणजे पालाश नत्राच्या दुपटीहून जास्त. आपण लॉन हिरवंगार दिसावं म्हणून नत्राचा मारा करतो आणि त्याच लॉनमध्ये पाम उभा असतो. नत्रानं पानं भराभर वाढतात, तेवढं पोटॅश मिळत नाही, आणि आधीच ओढाताण असलेलं झाड आणखी खंगतं. बरं, योग्य खत दिलं तरी पिवळी पानं पुन्हा हिरवी होत नाहीत. नवी चांगली येतात आणि जुनी आपल्या वेळेनं गळतात. डोकं पूर्ण भरायला दोन वर्षंही लागतात. कमिटीची मुदत त्याआधी संपते. म्हणून कुठलाही उपचार 'लागू पडत नाही'.

आता किडी. पंख्याला कात्री लावावी तसे पानावर त्रिकोणी काप दिसले, तर तो गेंडा भुंगा. त्याची पैदास कुजक्या शेणखताच्या आणि पाल्याच्या ढिगात होते. म्हणजे तो बऱ्याचदा सोसायटीच्याच कंपोस्टच्या खड्ड्यातून आलेला असतो. वरच्या पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू भरणं हा त्यावरचा जुना, स्वस्त उपाय. खोडाला भोक, त्यातून तपकिरी चिकट रस, चघळलेल्या भुश्यासारखे धागे आणि कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज, हे लाल सोंड्या भुंग्याचं काम. हा भुंगा दक्षिण आशियातलाच. 1980 च्या दशकात तो आखाती देशांत पोचला आणि झाडांच्या व्यापाराबरोबर पुढे भूमध्य समुद्राकाठी गेला. तिथं त्यानं खजूरवर्गातली असंख्य झाडं मारली. त्याची मादी ताज्या जखमांत अंडी घालते. आता छाटणीचा कोयता, रोषणाईचे खिळे आणि चढणाऱ्याच्या बुटांचे काटे यांची बेरीज करा. भुंग्याला आमंत्रण आपणच धाडलेलं असतं.

पावसाळ्यात मधलं नवं पान मान टाकतं, ओढलं तर हातात येतं आणि कुबट वास सुटतो. ही कोंबकूज. वेळेत सापडली तर कुजलेला भाग काढून बोर्डो पेस्ट लावून झाड वाचतं. आठवडाभर 'बघू' म्हटलं की संपलं. आणि 2016 मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला भारतात प्रथम नोंदली गेलेली चक्राकार पांढरी माशी: पानाखाली पांढरी मेणचट वर्तुळं, खालच्या पानांवर काळी काजळी. इथं जहाल फवारणी केली तर त्या माशीला खाणारा परजीवी गांधीलमाशीसारखा चिमुकला कीटक मरतो आणि माशी दुप्पट जोमानं परत येते. पाण्याचा जोरदार फवारा पुष्कळदा पुरतो. पण पाण्याचं बिल दाखवून पेस्ट कंट्रोलचा ठेका मिळत नाही.

आता दोन आक्षेप.

पहिला निसर्गप्रेमींचा. परदेशी झाडं आहेत, मरू द्या, त्या जागी देशी लावा. यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. रॉयल पाम सावली देत नाही, पार्किंगवर त्याची जड झावळी पडली तर इजा होते, आणि चिंच किंवा वड तोडून त्याच्या 'बदल्यात' पाम लावणं ही शुद्ध फसवणूक आहे. नव्या लावणीत पाम शेवटचा असावा. पण लावलेलं, वीस वर्षं वाढवलेलं झाड केवळ पासपोर्ट नाही म्हणून मरू देणं हे निसर्गप्रेम नव्हे. मादागास्करचा गुलमोहर आपण मायेनं जपतो, अमेरिकेतून आलेल्या मिरचीशिवाय आपला ठेचा होत नाही. आणि ज्याला रॉयल पाम जगवता येत नाही, तो शिंदी लावेल तर तिलाही खोल पुरेल, तिच्याही झावळ्या छाटेल, तिलाही खिळे ठोकेल. झाडाची जात बदलून माणसाची सवय बदलत नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. 2017 च्या जुलै महिन्यात मुंबईत चेंबूरला रस्त्यावरून जाणाऱ्या एका महिलेच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं आणि तिचा मृत्यू झाला. ते झाड काढण्याच्या परवानगीवरून नंतर बराच वाद झाला. अशी घटना झाली की दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात: सगळी झाडं काढा, किंवा एकालाही हात लावू नका. दोन्हींमध्ये झाडाकडे बघणं टळतं. बुंध्याशी लाकडासारखी कडक, चकचकीत अळंबी उगवली असेल तर ती गॅनोडर्मा. आतून खोड सडलेलं असतं आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. असं झाड रस्त्याकडेला असेल तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेऊन ते काढलंच पाहिजे, आणि अशी परवानगी झटपट मिळाली पाहिजे. 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा झाडं वाचवण्यासाठी आहे. पण कुठलं झाड वाचेल आणि कुठलं पडेल हे ओळखणारा माणूस नसेल, तर तो कायदा नुसता अर्जांचा गठ्ठा होतो. ज्याला पोटॅशची कमतरता आणि गॅनोडर्मा यांतला फरक कळत नाही, तो जगणारं झाड तोडतो आणि पडणारं ठेवतो.

हे ओळखणारे लोक आपल्याकडे आहेत, हीच यातली खरी चीड आणणारी गोष्ट. रत्नागिरीजवळ भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे. श्रीवर्धन-मुरुडच्या ज्या बागायतदारांच्या पोफळी 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आडव्या झाल्या, त्यांना कुठलं झाड पुन्हा उभं राहील हे कळतं. गोव्यातला पाडेली माडाच्या डोक्यात बसून कोंबाची तब्येत सांगतो. शहर यांतल्या कुणालाही विचारत नाही. ते लँडस्केप कन्सल्टंटला विचारतं, जो आराखड्यात झाडाच्या जागी फक्त एक गोल काढतो.

म्हणून मागण्या थोड्या आणि साध्या. प्रत्येक पामवर त्याच्या जातीचं नाव. लावणीच्या करारात खोलीची अट आणि किमान दोन वर्षं निगा, तोवर शेवटचा हप्ता नाही. बुंध्याभोवती एक मीटर उघडी माती. हिरव्या झावळीला कोयता नाही, खोडाला खिळा नाही. खत देण्याआधी जुनं पान आणि नवं पान यांचे फोटो काढून माडातलं कळणाऱ्या माणसाला दाखवणं. यातल्या एकाही गोष्टीला लॉबीतल्या झुंबराइतका खर्च येत नाही.

आणि तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत 'वाळलेला पाम काढणे व नवीन लावणे' असा विषय आला, तर मंजुरीसाठी हात वर करण्याआधी एवढंच विचारा: कुठला पाम?